लग्नानंतरचा पहिला उन्हाळा : पंगती, गच्चीवरचे बेत आणि सहली – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न होऊन चार-सहा महिने झालेले असतात आणि एप्रिल उजाडताच फोन सुरू होतात. मावशीकडे रसाचं जेवण, आत्याकडे चैत्रागौरीचं हळदीकुंकू, मित्रांना गच्चीवर जमायचंय, दोघांना कोकणात जायचंय. या काळात जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. प्रमाणं आणि वेळा करून पाहिलेल्या आहेत. आपल्या घरच्या पद्धतीप्रमाणे थोडं इकडेतिकडे करायला हरकत नाही.

सगळ्यांची बोलावणी एकदम आली आहेत. सुरुवात कुठून करायची?

भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि शनिवार-रविवार मोजा. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत जेमतेम नऊ मिळतात. त्यातले दोन-तीन लग्नं आणि मुंजी खातात. उरलेल्या सहांत एक कुलदैवताला, एक सासरच्या पंगतीला, एक माहेरच्या, एक मित्रांना, एक सहलीला द्या आणि एक कोरा ठेवा. हा कोरा रविवार सगळ्यांत आधी भरला जातो, म्हणून त्यावर आत्ताच फुली मारा.

तारखा दोन्ही घरांना एकाच दिवशी कळवा. एका घरी आधी आणि दुसऱ्या घरी आठवड्यानं कळवलं की "त्यांच्याकडचं आधी ठरलं" हा सल राहतो आणि तो जेवणापेक्षा जास्त काळ टिकतो. सासरी मुलानं आणि माहेरी मुलीनं फोन करावा. नकार द्यायचा असेल तर तोही ज्याच्या घरचा त्यानंच द्यावा. हे एवढं पाळलं तरी निम्मे रुसवे होत नाहीत.

रेल्वेनं जायचं असेल तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस होतं). म्हणजे मेच्या मध्यावर कोकणात जायचं तर मार्चच्या मध्यालाच बसावं लागतं. मे महिन्यातल्या कोकण रेल्वेच्या जागा पहिल्या काही मिनिटांतच संपतात.

जेजुरीला नवीन जोडप्यानं उन्हाळ्यात जावं का?

जावं, पण सकाळी नऊच्या आत गडावरून खाली यायच्या हिशोबानं. पायऱ्या दगडी आहेत आणि वर अनवाणी फिरायचं असतं. दुपारी तो दगड असा तापतो की तळपायाला फोड येतात. नवऱ्यानं नवरीला उचलून पायऱ्या चढायच्या ही तिथली रीत बहुतेक जण पाच पायऱ्यांपुरती करतात. भंडाऱ्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या असतात आणि शालूचा घोळ पायात येतो, म्हणून सुरुवातीच्या रुंद पायऱ्यांवरच ते उरकावं, मागे एक माणूस उभा ठेवावा. साडी सुती नेसा. भंडाऱ्याची हळद रेशमावरून सहज जात नाही.

घरी पहिल्यांदाच चैत्रागौरीचं हळदीकुंकू आहे. तीस बायकांना किती लागेल?

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत कुठलाही सोयीचा दिवस घ्या. मंगळवार-शुक्रवारचा आग्रह असेल तर गल्लीत त्याच दिवशी आणखी चार घरी असतं. वेळ आधी विचारून घ्या.

तीस जणींना आंब्याच्या डाळीसाठी पाऊण किलो हरभरा डाळ आणि चार मध्यम कैऱ्या पुरतात. डाळ चार-पाच तास भिजवा, चाळणीत अर्धा तास निथळू द्या आणि पाणी न घालता भरड वाटा. डाळ चिकट होते ती दोन कारणांनी. एक तर नीट निथळलेली नसते, किंवा मिक्सर सलग फिरवलेला असतो. दोन-दोन सेकंदांचे झटके द्या. कैरीचा कीस शेवटी घाला, कारण त्याला पाणी सुटतं. मोहरी, हिंग, हळद, सुक्या मिरच्यांची फोडणी पूर्ण गार करून वर घाला. ही डाळ कच्चीच असते, त्यामुळे मेच्या उकाड्यात चार तासांत आंबूस वास येतो. दुपारी वाटलेली संध्याकाळी सहापर्यंत फ्रिजमध्ये ठेवा आणि थोडी थोडी बाहेर काढा.

पन्ह्यासाठी एक किलो कैऱ्या उकडल्या की साधारण सहाशे ग्रॅम गर निघतो. त्यात एक ते सव्वा किलो गूळ, दोन चमचे वेलचीपूड, चवीला मीठ आणि असेल तर केशर. एवढ्यात पाच लिटर पन्हं होतं. गर गरम असतानाच गूळ घाला, म्हणजे खडे राहत नाहीत. पाणी मात्र आयत्या वेळी घाला. पाणी घातलेलं पन्हं सकाळी करून ठेवलं तर संध्याकाळी त्याला फेस येतो.

ओटीसाठी एक किलो हरभरे आदल्या रात्री भिजवा, फुगून जवळपास दुप्पट होतात.

बारा माणसांच्या आमरसाच्या जेवणाला आंबे किती आणायचे?

अडीच डझन. हिशोब असा : अडीचशे ग्रॅमच्या हापूसमधून सुमारे दीडशे ग्रॅम रस निघतो आणि मनापासून जेवणारा माणूस दोन वाट्या, म्हणजे तीनशे मिली रस खातो. म्हणजे दोन डझन नेमके झाले. वरचा अर्धा डझन साक्यासाठी.

साका म्हणजे आत पांढरट-पिवळसर, स्पंजासारखा, आंबट वासाचा भाग. बाहेरून आंबा उत्तम दिसतो, वासही येतो, कापल्यावरच कळतं. झाडावर फळ तयार होत असताना तापलेल्या जमिनीच्या झळा लागतात, हे त्याचं एक मोठं कारण. म्हणून बागायतदार झाडाखाली गवताचं आच्छादन करतात आणि म्हणून उशिराच्या, मेअखेरच्या फळांत साका जास्त आढळतो. विकणाऱ्यालाही तो दिसत नाही, त्यामुळे दोन-तीन फळांवरून भांडण काढण्यात अर्थ नाही. रस काढताना प्रत्येक आंबा आधी वाटीत पिळा, पाहा, मग पातेल्यात घाला. सगळे एकदम पातेल्यात पिळले आणि शेवटचा साक्याचा निघाला की चार लिटर रस बिघडतो.

पेटी हिरवी घेतली तर जेवणाच्या सहा-आठ दिवस आधी घ्या. गवतात एका थरात मांडा आणि दिवसाआड हात फिरवा. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका, पिकणं थांबतं आणि साल काळी पडते. पिवळाधमक पण कडक आणि बिनवासाचा आंबा दिसला तर सोडून द्या. ‘हापूस’ हे भौगोलिक मानांकन २०१८ पासून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळालाच आहे. रसासाठी आमचं मत विचाराल तर निम्मा हापूस आणि निम्मा पायरी. पायरीला रस पातळ आणि जास्त सुटतो, आंबटपणाची एक किनार येते, आणि खिशालाही बरं पडतं.

आंबे तासभर पाण्यात ठेवा, देठाकडचा चीक पिळून टाका, मग हातानं माचवा. मिक्सरनं रस एकजीव होतो खरा, पण फेस येतो आणि रंग फिकटतो. रस स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवावा, कल्हई गेलेल्या पितळेत अजिबात नाही. दूध घालून वाढवू नका. वाढताना तूप आणि चिमूट मिरपूड किंवा सुंठ.

पुऱ्यांना सव्वा किलो कणीक. एका किलोत साठ ते पासष्ट होतात आणि रसाबरोबर माणशी सहा धरा. किलोला दोन चमचे रवा, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, पीठ घट्ट. पुरी लाटताना पीठ लावू नका, तेल लावा. पिठी कढईच्या तळाशी जाऊन जळते आणि पंधराव्या पुरीपासून सगळ्यांवर काळे ठिपके येतात.

आणि एक गोष्ट स्पष्टच. नवी सून स्वयंपाकघरात कढईशी उभी आणि बाकी सगळे बाहेर रसाची वाटी घेऊन, असं जेवण करू नका. पुऱ्या तळायला पाळी लावा. दर वीस पुऱ्यांना माणूस बदलायचा, पुरुषांसकट. मेच्या दुपारी कढईजवळ वीस मिनिटांहून जास्त उभं राहणं कुणालाच झेपत नाही.

यंदा अधिक महिना आहे असं म्हणतात. जावयाचं काय करायचं असतं?

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. लग्नानंतरचा पहिला अधिक मास म्हणजे लेक-जावयाला बोलावून जेवण आणि वाण. बऱ्याच भागांत याला धोंड्याचा महिना म्हणतात आणि पुरण भरलेले धोंडे जेवायला करतात. वाण तेहतीस अनारशांचं, दिव्यासह. कपडे, चांदी, सोनं ऐपतीप्रमाणे. सोन्याचा आग्रह धरणं जावयाकडून शोभत नाही, आणि मुलीनं आधीच आईवडिलांना "तांब्याचं ताम्हन आणि अनारसे पुरेत" असं सांगितलं तर त्यांचा जीव भांड्यात पडतो. या महिन्यात लग्नकार्यं नसतात, म्हणून रविवार मोकळे मिळतात. पंगत याच काळात घ्या.

अनारसे घरी करणार असाल तर आठ दिवस आधी लागा. जाडा जुना तांदूळ तीन दिवस भिजवायचा. उन्हाळ्यात पाणी दिवसातून दोनदा बदला, नाहीतर वास धरतो. चौथ्या दिवशी निथळून कापडावर सावलीत पसरा. हाताला दमट लागतो पण चिकटत नाही, तेव्हा कुटा आणि बारीक चाळणीनं चाळा. पिठीच्या वजनापेक्षा थोडा कमी, म्हणजे किलोला आठशे-नऊशे ग्रॅम किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळे करा आणि डब्यात चार-पाच दिवस मुरू द्या. खसखशीवर थापा आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडा. उलटायचा नाही, झाऱ्यानं वर तूप उडवायचं.

अनारसा तुपात पडताच पसरून विरघळला की "हसला" म्हणतात. गूळ जास्त झालेला असतो किंवा पीठ सैल असतं. थोडी राखून ठेवलेली कोरडी पिठी मळून घाला आणि तासभर थांबा. जाळी पडलीच नाही तर पीठ मुरलेलं नाही किंवा घट्ट आहे, दुधाचा हबका द्या. म्हणून पहिला एकच सोडून पाहावा.

मित्रांना गच्चीवर बोलवायचंय. पॉट आईस्क्रीम जमेल का?

जमतं, आणि यासारखा खेळ नाही, कारण दांडा फिरवायला सगळ्यांचेच हात लागतात. लाकडी बादलीचा पॉट अनेक गावांत भाड्यानं मिळतो. घेताना तीन गोष्टी पाहा : बादलीच्या बाजूचं भोक मोकळं आहे का, आतल्या डब्याचं झाकण घट्ट बसतं का, दांड्याची दातेरी चाकं अडकत नाहीत ना. बादली आदल्या रात्री पाण्यानं भरून ठेवा. वाळलेल्या फळ्या फुगतात आणि गळती थांबते.

पाच लिटरच्या डब्यात सव्वातीन लिटरच मिश्रण घाला, दोन-तृतीयांश. फिरवताना त्यात हवा जाते आणि ते फुगतं. काठोकाठ भरलं तर झाकण उचलून मीठपाणी आत जातं. वीस जणांसाठी अडीच लिटर म्हशीचं दूध पावणेदोन लिटरवर आटवा, चारशे ग्रॅम साखर घाला आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी पाव लिटर साय किंवा क्रीम आणि एक लिटर आमरस मिसळा. रस कोमट दुधात घातला तर दूध फाटतं, दोन्ही थंडगार हवेत.

बर्फ बारा किलो, जाडं मीठ अडीच किलो. बर्फ सुपारीएवढा फोडा. चार बोटं बर्फ, वर मूठभर मीठ, पुन्हा बर्फ, असे थर द्या. नुसत्या बर्फानं आईस्क्रीम का होत नाही? बर्फ शून्य अंशाला वितळतो आणि गोड दूध त्याहून खालीच गोठतं. मिठामुळे बर्फाचं पाणी शून्याच्या बरंच खाली राहतं. मीठ कमी टाकलं तर तासभर फिरवूनही लस्सीच राहते. खूप जास्त टाकलं तर कडेला दगड आणि मध्ये पातळ.

पहिली दहा मिनिटं हळू आणि सलग फिरवा. सुरुवातीलाच जोर केला तर साईचं लोणी होऊन गुठळ्या येतात. मग जरा वेग वाढवा. तीस-चाळीस मिनिटांत दांडा जड होतो. आता झाकणावरचं पाणी आणि मीठ फडक्यानं नीट पुसा. सगळा घात इथेच होतो. घाईत झाकण उघडलं की दोन चमचे खारं पाणी आत पडतं आणि सगळं आईस्क्रीम खारट. डब्यातला ढवळायचा पंखा काढा (तो चाटायला पोरं टपलेली असतात), आईस्क्रीम दाबून बसवा, झाकण लावा, जुनं पाणी काढून नवा बर्फ-मीठ घाला आणि गोणपाट टाकून तासभर मुरू द्या. भोकातून पाणी वाहत राहिलं पाहिजे. ते तुंबलं आणि झाकणापर्यंत चढलं तर पुन्हा तोच खारटपणा.

गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री नऊपर्यंत खालून झळ मारतो. साडेपाचला बादल्यांनी पाणी मारा, सातला पुन्हा एकदा शिंपडा, मग सतरंज्या. मात्र इमारतीत पाण्याचा टँकर येत असेल तर पाणी मारू नका, उशिरा बसा. गाणी दहाला बंद. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगा आणि दोन वाट्या आईस्क्रीम नेऊन द्या.

मे महिन्यात दोघांनी किंवा दोन-तीन जोडप्यांनी कुठे जावं?

महाबळेश्वरला मेच्या शनिवारी जाऊ नका. पसरणीचा घाट तुंबतो आणि स्ट्रॉबेरीचा हंगामही संपलेला असतो. जायचंच तर सोमवार ते गुरुवार.

माथेरानात मोटारी जात नाहीत. दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवून बाजारापर्यंत लाल मातीतून पाऊण तास चालावं लागतं किंवा अमन लॉजहून छोटी गाडी मिळते, तिला रविवारी मोठी रांग. चाकांच्या बॅगा तिथे कुचकामी, पाठीवरची सॅक न्या. पांढरे कपडे न्याल तर ते तांबडेच घेऊन याल.

कोकणात जायचं तर २५ मेच्या आत. त्यानंतर समुद्र खवळायला लागतो, जलक्रीडा आणि किल्ल्यांच्या होड्या बंद होतात, आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीबंदी, म्हणजे ताजी मासळीही विरळ. समुद्रात उतरण्याआधी भरतीची वेळ काढायला शिका. किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे : तिथीला पाऊणनं गुणायचं. तृतीया असेल तर सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारीही आणि पहाटेही. त्यापुढे सहा तासांनी, सव्वाआठला, पूर्ण ओहोटी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जाता येतं, त्यासाठी तृतीयेची सकाळ छान. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार मागे जात नाही. पाणी वाढायला लागलं की फोटोसाठी थांबू नका, तडक परत फिरा किंवा किल्ल्यावरच थांबून होडीनं या. हा ढोबळ हिशोब आहे, उतरण्याआधी स्थानिक कोळ्याला एकदा विचाराच.

मेअखेर ते जूनचा पहिला-दुसरा आठवडा काजव्यांचा. भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी, राजमाची. वळवाच्या एक-दोन सरी पडल्या आणि हवा दमट झाली की हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाची झाडं अंधारात एका लयीत उजळतात आणि विझतात. आठच्या पुढे पाहावेत. हा उजेड म्हणजे नर-मादीचं एकमेकांना बोलावणं आहे. मोटारीचा दिवा, मोबाईलची बॅटरी, फ्लॅश यांनी ते तुटतं आणि त्या झाडावरचं मीलन तेवढं हुकतं. गाडी गावातच ठेवा, बॅटरीला लाल जिलेटिन लावून जमिनीकडे धरा, पायवाट सोडून गवतात शिरू नका, कारण माद्या तिथे खाली बसलेल्या असतात. फोटो निघणार नाही हे घरूनच ठरवून निघालात तर डोळ्यांनी भरपूर दिसतं.

आजी-आजोबा आणि भाचरंही बरोबर आहेत. प्रवास कसा करावा?

महाराष्ट्रात एस. टी.नं. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं आणि ७५ च्या पुढे मोफत. ओळखपत्र मूळ न्या. आठ-नऊ जणांत खर्च पाहिला तर भाड्याच्या गाडीपेक्षा बराच कमी येतो. पहाटे साडेपाचची धरा, अकराच्या आत पोचा.

डब्यात दशम्या (दुधात भिजवलेल्या कणकेच्या, दीड-दोन दिवस टिकतात), तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी. ओल्या नारळाची चटणी आणि बटाट्याची भाजी मे महिन्यात नेऊ नका. सकाळी भरलेली दुपारी दोनपर्यंत विटते. पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, वाफेचं पाणीच सगळं नासवतं.

माणशी तीन लिटर पाणी. उन्हानं गळल्यासारखं झालं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, घोट घोट. अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपली तर पाजत बसू नका. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि थेट दवाखाना.

खर्च कसा वाटायचा?

मित्रांत टीटीएमएम (तुझं तू, माझं मी), पण निघण्यापूर्वी. प्रत्येक जोडप्याकडून ठरावीक वर्गणी एकाच्या खात्यात जमा करा आणि तिथूनच सगळं द्या. उरलं तर परतीच्या चहाला. ज्यांच्या घरी बाळ आहे किंवा एकट्याच्या पगारावर चाललंय, त्यांना "तुला परवडेल का" असं चारचौघांत विचारू नका, आधीच स्वस्तातला बेत पुढे ठेवा. घरच्या पंगतीत मात्र वर्गणी नाही. तिथे आंब्यांची पेटी घेऊन जा.

दोघांनाच कुठेतरी जायचंय. घरच्यांना कसं सांगावं?

सरळ. "आम्ही दोघं अमुक तारखेला तीन दिवस जाऊन येतोय" एवढंच, तिकीट काढून झाल्यावर. कारणं देत बसलं की त्यावर उपाय सुचवले जातात, आणि त्या उपायात बहुतेक वेळा सगळेच बरोबर येतात.

जेवायला गेलो होतो तिथून डबाभर रस आणि पुऱ्या दिल्या. डबा परत कसा द्यायचा?

रिकामा नाही. चार करवंदं, मूठभर जांभळं, वाटीभर मेतकूट, काहीही चालेल. आणि आठवड्याच्या आत द्या. जून लागला की लोणच्याच्या फोडी कापायला काढतात, तेव्हा त्या घरात प्रत्येक डब्याची गरज असते.